दीड पैशाची ऑप्शन चेन

हिंगोलीत माणसाची पत पूर्वी अंगणातल्या हळदीच्या ढिगावरून ठरायची. पुढं ती दारात उभ्या असलेल्या गाडीवरून ठरू लागली. मधली काही वर्षं चौकातल्या बॅनरवर कुणाचा फोटो साहेबांच्या किती जवळ, या मोजमापात गेली. हल्ली ती मोबाइलमध्ये किती रकाने दिसतात यावर ठरते. नुसतं व्हॉट्सॲप दिसलं तर सामान्य नागरिक. हिरव्या-तांबड्या कँडल दिसल्या तर अभ्यासू. आणि कँडलही नाहीत, डावीकडं आकडे, उजवीकडं आकडे, मधोमध आकडे, असं काही दिसलं तर बाकड्यावरचे लोक आपणहून सरकून जागा देतात. तो माणूस ऑप्शन चेन बघत असतो.

ज्यांनी हा तक्ता पाहिलेला नाही त्यांनी मोबाइल आडवा धरावा, कारण उभ्या मोबाइलमध्ये तो मावत नाही. मधल्या रकान्यात स्ट्राइक प्राइस, म्हणजे ठरलेला भाव. डाव्या अंगाला कॉल, म्हणजे त्या भावानं घेण्याचा हक्क; उजव्या अंगाला पुट, म्हणजे विकण्याचा हक्क. दोन्ही अंगांना तेच ते रकाने उलट-सुलट क्रमानं: ओआय (ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे), ओआयमधला बदल, व्हॉल्यूम, आयव्ही, एलटीपी (शेवटच्या सौद्याचा भाव), बिड (घेणाऱ्याचा भाव), आस्क (विकणाऱ्याचा भाव). आडव्या मोबाइलमध्येही एका वेळी अर्धाच तक्ता दिसतो. डावीकडचा आकडा लक्षात ठेवून अंगठ्यानं उजवीकडं सरकावं, तर उजवीकडचा आकडा वाचेपर्यंत डावीकडचा बदललेला असतो. मग परत डावीकडं. हा व्यायाम सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. एनएसईच्या पानावर 'इन द मनी' रकाने फिकट पिवळे रंगवलेले असतात. ज्यानं कुणी तो रंग निवडला, त्याला आमच्या जिल्ह्याची नस सापडली होती. पिवळं दिसलं की हिंगोलीकराला पैसाच दिसतो.

आमच्या चहाच्या बाकड्यावर या शास्त्राचे मुख्य आचार्य म्हणजे गणिताचे एक निवृत्त सर. नोकरीत असताना सरांनी तीस-पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, की नाणं वर फेकलं तर छापा पडण्याची शक्यता एक छेद दोन. आता ते स्वतःच नाणं वर फेकतात आणि ते खाली यायच्या आत कोणत्या स्ट्राइकला ओआय वाढला ते बघतात. त्यांच्या उजव्या हाताला आडत्याचा पोरगा. त्याच्या बापाला पोत्यात हात घालून हळद कितीची ते कळतं, पोराला मॅक्स पेन कळतो. समोर उभे टपरीवाले मामा. त्यांना यातलं काही कळत नाही, म्हणून त्यांची उधारी तेवढी वाढते.

या चेनचा एक धागा डिजिटल पेमेंटपर्यंत जातो, तेव्हा आधी मामांच्या टपरीवर टांगलेलं, पैसे आले की बोलून सांगणारं खोकं बघून घेऊ. दूध उतू गेलं की खोक्यावर थेंब उडतात म्हणून मामांनी त्याला दुधाच्या रिकाम्या पिशवीचं आवरण बांधलंय. त्यामुळं आतल्या बाईंना बारा महिने सर्दी झालेली असते. "दहा रुपये प्राप्त झाले," असं त्या नाकात बोलतात. 'प्राप्त झाले' हा शब्दप्रयोग हिंगोली जिल्ह्यात त्या बाई आणि कीर्तनकार सोडून कुणी करत नाही. शेजारी पानपट्टी. तिलाही खोकं, त्याच कंपनीचं, त्याच बाईंच्या आवाजाचं, फक्त विनासर्दी. चहा पिऊन उठलेला एखादा हुशार गडी नुसता मोबाइल उंच करून उभा राहतो. पानपट्टीवर कुणीतरी तंबाखूची पुडी घेतो, "दहा रुपये प्राप्त झाले" असा आवाज येतो, आणि मामा "या बरं" म्हणून त्या गड्याला निरोप देतात. महिनाअखेरीला हिशेब लागत नाही तेव्हा मामा खोक्याकडं रागानं बघतात. बाईंचा काही दोष नसतो.

आता या दहा रुपयांचं पुढं काय होतं? यूपीआयवर बँक खात्यातून दुकानदाराला पैसे दिले, तर त्यावर २०२० च्या जानेवारीपासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. म्हणजे चहाचे पूर्ण दहा रुपये मामांचे. मग एवढी बँकांची, ॲपवाल्यांची यंत्रणा फुकट राबते का? तर नाही. केंद्र सरकारनं २०२४-२५ या वर्षासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. छोट्या दुकानदाराला मिळालेल्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. हे पैसे मामांना नाही, मधल्या बँका आणि ॲपवाल्यांना वाटून घ्यायला.

दहा रुपयांचे ०.१५ टक्के किती? सरांनी तोंडी करून सांगितलं. दीड पैसा.

तो दीड पैसा मामांची बँक, गिऱ्हाइकाची बँक आणि ॲपवाले आपसात वाटून घेणार. आमच्याकडं भावकीत बांधाची वाटणी होते तेव्हा वाट्याला निदान पाय ठेवण्यापुरती जमीन येते. इथं दीड पैशाला तीन-चार वारस. पण असे दीड पैसे देशभरातून गोळा होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरचे व्यवहार एका महिन्यात २,००० कोटींच्या वर गेले. म्हणून मग त्या दीड पैशावर कंपनी उभी राहते, कंपनीचा शेअर निघतो, शेअरवर ऑप्शन निघतं, ऑप्शनची चेन तयार होते, चेनचं विश्लेषण करणारे चॅनेल निघतात, आणि विश्लेषण कसं करावं हे शिकवणारा कोर्स निघतो. या सगळ्या उतरंडीत नगद पैसे मोजून घेणारे दोघंच. सगळ्यात खाली चहा विकणारा आणि सगळ्यात वर कोर्स विकणारा.

एक बारीक गोष्ट सांगतो. ऑप्शनचा भाव हलला तर कमीत कमी पाच पैशांनी हलतो, त्याच्या खाली नाही. म्हणजे ऑप्शन चेनमधली सगळ्यात किरकोळ हालचालसुद्धा मामांच्या तीन चहांच्या प्रोत्साहनापेक्षा मोठी. मामांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंग मी चहा कामून करू लालोय?"

ऑप्शन म्हणजे नेमकं काय, हे हिंगोलीत समजावणं सोपं आहे, कारण इथं प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी प्लॉटचा इसार दिलेला असतो. बारा लाखांचा प्लॉट, पंचवीस हजार इसार, दोन महिन्यांची मुदत. मुदतीत रस्ता मंजूर झाला आणि प्लॉट पंधरा लाखांवर गेला, तरी मालकानं तो बारालाच द्यायचा. रस्ता दुसरीकडून गेला तर आपण पाठ फिरवायची, पंचवीस हजार गेले. हा कॉल. स्ट्राइक प्राइस बारा लाख, प्रीमियम पंचवीस हजार, एक्स्पायरी दोन महिने. फरक एवढाच, की प्लॉटच्या व्यवहारात समोरचा मालक चौकात भेटतो, त्याचा हात धरता येतो, त्याच्या सासऱ्यामार्फत दबाव आणता येतो. ऑप्शनमध्ये समोर कोण आहे ते कळत नाही. बहुतेक वेळा तो माणूसही नसतो.

मुदतीचं मात्र सारखंच. रोज सकाळी उठलं की इसाराची किंमत थोडी कमी झालेली, कारण एक दिवस कमी झालेला. या झिजेला थीटा म्हणतात. शनिवार-रविवार बाजार बंद असतो, थीटा बंद नसतो. सरांच्या घरी सरांना हल्ली 'थीटा' याच नावानं ओळखतात, असं आडत्याचा पोरगा सांगतो. सर असले की सांगत नाही.

आयव्ही हा रकाना सगळ्यात भारदस्त. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे पुढं भाव किती उधळेल याबद्दल बाजाराची आजची धास्ती, टक्केवारीत. ती काढायला सूत्र लागतं. ते ब्लॅक आणि शोल्स या दोघांनी १९७३ मध्ये मांडलं आणि मर्टन यांनी त्यात भर घातली. ब्लॅक तोवर वारले होते, म्हणून १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल शोल्स आणि मर्टन यांना मिळालं. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, हे दोघेही ज्यात भागीदार होते ती लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाची कंपनी अशी बुडाली, की मोठ्या बँकांना एकत्र येऊन तिला सावरावं लागलं. हे मी सरांच्या कानावर घातलं. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "स्टॉप लॉस लावला नसेल त्यांनी."

आपल्याकडं डिजिटल पेमेंटवर पैज लावायची तर जवळचा रस्ता म्हणजे पेटीएम. १८,३०० कोटींचा आयपीओ, २,१५० रुपये भाव, आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला नोंदणीच्या पहिल्याच दिवशी शेअर २७ टक्क्यांनी खाली. पुढं ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि शेअरला सलग लोअर सर्किटं लागली. त्या दिवसांत मामांना वाटलं, आता आपलं पेटीएमचं खोकं मुकं होणार. खोकं बोलत राहिलं, शेअरवाले मुके झाले. आणि २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस हाच शेअर एफ अँड ओमध्ये, म्हणजे वायदे आणि ऑप्शनच्या बाजारात आला. म्हणजे ज्यांना शेअर घेऊन तोटा करायला वेळ लागत होता, त्यांची सोय झाली.

पण सरांना देशी मालात रस राहिलेला नाही. त्यांचा पुतण्या अमेरिकेत आहे. त्यानं दिवाळीत सांगितलं, की काका, तिकडं डिजिटल पेमेंटच्या कंपन्यांचा एकत्र फंड मिळतो. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस, पेपाल वगैरेंचे शेअर एकाच गाठोड्यात, आणि ते गाठोडं एखाद्या शेअरसारखं बाजारात विकलं-घेतलं जातं. यालाच ईटीएफ म्हणतात. हा फंड २०१५ च्या जुलैमध्ये निघाला तेव्हा नावात 'मोबाइल पेमेंट्स' होतं, मधे मालक बदलले, आता ॲम्प्लिफाय डिजिटल पेमेंट्स ईटीएफ. बाजारातलं टोपणनाव आयपे. गाठोडं सांभाळण्याचा खर्च वर्षाला पाऊण टक्का. आणि त्या गाठोड्यावर ऑप्शन आहेत. आपल्याकडं निर्देशांकावर ऑप्शन आहेत, शेअरवर आहेत, ईटीएफवर नाहीत. सरांना हे नावीन्य झोंबलं. आता रोज संध्याकाळी अमेरिकेचा बाजार उघडला की सर बाकड्यावर हजर. तो उन्हाळ्यात आपल्या सातला उघडतो, हिवाळ्यात आठला. सातला जेवण, आठला बातम्या, अशी सरांची पूर्वीची दिनचर्या न्यूयॉर्कच्या उन्हाळा-हिवाळ्यानुसार मागं-पुढं होते.

पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, "सर, काय बघू लालाव?"

"आयपे."

"द्या मंग. मागचे धरून एकशे चाळीस झाले."

त्या चेनमध्ये मी डोकावून पाहिलं आणि मला गावाकडं आल्यासारखं वाटलं. निफ्टीच्या चेनमध्ये आकड्यांची जत्रा असते, पाय ठेवायला जागा नाही. इथं सगळी सामसूम. स्ट्राइकवर स्ट्राइक उभे आहेत, पण ओपन इंटरेस्टच्या रकान्यात शून्य, व्हॉल्यूमच्या रकान्यात शून्य. मधेच कुठं एखाद्या स्ट्राइकला किरकोळ आकडा, तोही कधी झालेल्या सौद्याचा कोण जाणे. बिड आणि आस्क यांच्यात एवढं अंतर की मधून ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळेल. घेणारा म्हणतो मी एवढ्यालाच घेणार, विकणारा म्हणतो मी त्याच्या दुपटीखाली देणार नाही, आणि दोघंही दिवसभर एकमेकांकडं बघत बसलेले. सोयरीक मोडायच्या बैठकीत असतं तसलं वातावरण. या शून्यांचं सर बारकाईनं निरीक्षण करतात. "आज एका स्ट्राइकला ओआय वाढला," असं त्यांनी एकदा जाहीर केलं तेव्हा बाकड्यावर खळबळ माजली. कुठं वाढला, किती वाढला? मामांनी गॅस बारीक केला.

यातली खरी गंमत अशी, की सरांना यातलं काही घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यातून परदेशी शेअर घेता येतात. पण परदेशी बाजारात मार्जिन भरायला पैसे पाठवायला मनाई आहे. आणि सरांची पेन्शन बघता अडीच लाख डॉलरची मर्यादा त्यांना आयुष्यात आड येणार नाही. तर सर नुसतं बघतात. यात पैसे जात नाहीत म्हणून घरूनही विरोध नाही. ऑप्शन बाजारात तोटा न झालेला मला माहीत असलेला हा एकमेव माणूस.

परक्या मुलखातल्या भावावर डोळा ठेवायची आपल्याकडची सवय मात्र नवी नाही. मुंबईच्या बाजारात कॉलला तेजी आणि पुटला मंदी म्हणत, तेव्हा शिकागोला ऑप्शनचा एक्स्चेंज निघायचा होता. कापसातले असे सौदे मुंबई सरकारनं १९३९ मध्ये कायदा करून बंद केले, आणि शेअरमधल्या ऑप्शनवर १९५६ च्या कायद्यानं बंदी आली ती १९९५ पर्यंत. बंदीच्या काळात लोक स्वस्थ बसले असं समजू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला तारेनं यायचे आणि त्या आकड्यांवर पैजा लागायच्या. १९६१ मध्ये ते भाव यायचे बंद झाले, तर लोकांनी चिठ्ठ्या मडक्यात टाकल्या. पुढं वरळीचा मटका, कल्याणजी भगत आणि रतन खत्री. खालच्या आळीपर्यंत ओपन आणि क्लोज हे दोन शब्द त्या काळात पोचले. आमच्या कापसाच्या मुलखातला शेतकरी स्वतःच्या कापसाला काय भाव आला हे विचारायला घाबरायचा, आणि न्यूयॉर्कचा ओपन काय लागला हे त्याला तोंडपाठ असायचं.

त्याही आधीचं सांगायचं तर पेमेंटच्या भानगडीत हिंगोली कुणाला हार जाणारी नाही. निजामाच्या राज्यात आमचा रुपया हाली. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं इंग्रजांचा कलदार. कनेरगावाच्या नाक्यावरून वाशिमच्या बाजाराला निघालं की खिशातला पैसा बदलायचा. दर असा: शंभर कलदारांना एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. हे गणित बैलगाडीत बसून, अंगठेबहाद्दर माणसं, पदराला गाठ मारलेल्या बायका, बिनचूक करायच्या. त्यात सराफ आपली बट्टा-कसर काढून घ्यायचा, म्हणजे बिड-आस्कचं अंतर तेव्हाही होतंच. अशा मातीत ऑप्शन चेन उगवली तर नवल कसलं?

आता बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे आकडे. हे खरे आकडे आहेत, म्हणून चेनमध्ये दिसत नाहीत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक लोकांनी वैयक्तिक पातळीवर एफ अँड ओ केलं. त्यातल्या ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये नुसता दलाली-कर-शुल्कांचा खर्च माणशी सरासरी २६ हजार. जे नफ्यात होते ते बहुतांश मोठे देशी-परदेशी खेळाडू, आणि त्यांच्या नफ्यातला ९६-९७ टक्के वाटा संगणकानं आपोआप केलेल्या सौद्यांचा. प्लॉटच्या इसारात समोर मालक असतो, इथं माणूस नसतो, असं वर म्हटलं ते याच कारणानं. आणि या खेळात उतरलेल्यांपैकी ७२ टक्के लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे. म्हणजे आपण.

पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, सेबीनं पुन्हा मोजलं. तोट्यातले ९१ टक्के निघाले, तोटा १,०५,६०३ कोटी. सर म्हणाले, "सुधारणा आहे."

हिंगोलीत चौकशी केलीत तर एक चमत्कार आढळेल. इथं भेटणारा प्रत्येक जण फायद्यातल्या सात टक्क्यांमधलाच असतो. तोट्यातले ९३ टक्के कुठं आहेत, याचा मी बराच विचार केला. १ मे १९९९ ला आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेव्हा ते तिकडंच राहिले असावेत.

एनएसईनं सप्टेंबर २०२५ पासून एक्स्पायरी मंगळवारी आणली, तेव्हा आमच्याकडं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. हिंगोलीत मंगळवारा नावाचा अख्खा भाग आहे. बाजार मंगळवारी असतो हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, मुंबईला उशिरा उमगलं. आता मंगळवारी दुपारी दोन ते साडेतीन या वेळात शहरात कोणतंही काम सांगू नये. केशकर्तनालयात माणूस अर्धवट कापलेल्या केसांनी बसलेला असतो, कारण कात्री आणि मोबाइल एकाच हातात मावत नाहीत. काही हजारांना घेतलेल्या ऑप्शनचा भाव दहा मिनिटांत पाच पैशांवर येतो. कुणी "गेलं" म्हणतो, कुणी देवाचं नाव घेतो. औंढा नागनाथ इथून जवळ आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

त्याच औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो प्रकल्प होतोय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांब दोन भुजा, आणि विश्वाच्या दुसऱ्या टोकाला दोन कृष्णविवरं आदळली तर इथं प्रोटॉनच्या रुंदीच्या काही हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजायची. त्यासाठी जमीन शांत लागते, हादरे नकोत. शास्त्रज्ञांनी देशभर जागा धुंडाळल्या आणि आमचा जिल्हा निवडला. मला एवढंच वाटतं, की पाहणीला ते मंगळवारी आले नसावेत.

सगळ्या रकान्यांत मला एकच रकाना सापडत नाही. हिंगोली जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिथं सोयाबीन. पेरताना काढणीचा भाव बांधून ठेवावा, यासाठीच तर वायदे आणि ऑप्शन जन्माला आले. पण सोयाबीनचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि त्या बंदीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. म्हणजे आमच्या सेनगावचा शेतकरी बांधावर उभा राहून व्हिसा-मास्टरकार्डचा आयव्ही वाचू शकतो, निफ्टी पुढच्या मंगळवारी कुठं असेल यावर पैसे लावू शकतो, चहा विकल्यावर मिळणाऱ्या दीड पैशाच्या भवितव्यावर कॉल घेऊ शकतो. स्वतःच्या शेतातल्या सोयाबीनवर पुट घेऊ शकत नाही. त्यानं भाव पडण्याची वाट बघायची, पडला की आंदोलन करायचं, ही पद्धत आहे.

हळदीचं नशीब बरं म्हणायचं, तिचे वायदे एनसीडीईएक्सवर चालतात. पण संत नामदेव हळद मार्केटात बीट सुरू असताना एकदा उभे राहा. व्यापारी पोत्यातून एक हळकुंड उचलतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी मोडतो. नीट वाळलेली हळद असेल तर कट्‌ असा खणखणीत आवाज येतो, ओली असेल तर ती नुसती वाकते. मग तो मोडलेल्या तोंडाचा रंग बघतो, कडेचा आणि गाभ्यातला, नाकाशी नेतो, आणि तो तुकडा खिशात टाकून पुढच्या ढिगाकडं जाता जाता भाव बोलतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते याच मालाच्या जोरावर. आडत्याच्या पोराचा बाप हे काम डोळे मिटून करतो. त्याला विचारलं, पोरगा काय करतो? तो म्हणाला, "डाटा बघतो म्हणं." आणि मोडलेलं हळकुंड माझ्या हातावर ठेवलं.

परवा सरांनी पुतण्याला फोन करून आयपेच्या चेनमध्ये तो एक ओपन इंटरेस्ट कुणाचा होता हे विचारलं. पुतण्या म्हणाला, काका, तो माझाच होता, तुम्हाला दाखवायला एक लॉट घेतला होता. तिकडं एक लॉट शंभर शेअरचा असतो. एक्स्पायरीला तो शून्यावर गेला. सेबीच्या आकडेवारीत हा तोटा धरलेला नाही.

तेव्हा सेबीला विनंती आहे. आम्हाला आणखी रकाने नकोत, आहेत तेवढे मोबाइलमध्ये मावत नाहीत. पेरणीच्या आत सोयाबीनचा एक रकाना तेवढा उघडा. आणि वाचकहो, तुमचं हिंगोलीत कुणाकडं काम असेल तर मंगळवार सोडून या. मंगळवारीच यावं लागलं तर साडेतीननंतर या, आणि चहाचे दहा रुपये सुटे आणा. मामांनी परवापासून खोक्याचा आवाज बंद करून ठेवलाय.